आधी तू खा

सावेकाका कुठल्याही गाडीवर काही खायच्या आधी गाडीवाल्यालाच खायला लावत. भजी असोत, वडा असो, खमण असो, खिशात हात घालायच्या आधी ते कढईकडे बोट दाखवून शांतपणे म्हणायचे, "आधी तू खा." गाडीवाला हसला तर काकाही हसायचे, पण जागचे हलायचे नाहीत. मागे गिऱ्हाइकं खोळंबायची, कोणीतरी चरफडायचं, आणि त्यांच्याबरोबर उभी असलेली मी लाजेने अर्धी व्हायचे. शेवटी गाडीवाला वैतागून एक भजं तोंडात टाकायचा. तो ते नीट चावतो का, गिळतो का, गिळल्यावर तोंड कसं करतो, हे सगळं काका चष्म्यावरून बघायचे आणि मगच म्हणायचे, "हां. दे आता दोन प्लेट."

मी २०१४ साली डहाणूच्या एका सरकारी कचेरीत लिपिक म्हणून रुजू झाले. गाव जळगावकडचं, जीभ तिखटाला सोकावलेली, आणि भाड्याच्या खोलीत गॅस नाही, फ्रिज नाही. पगार हातात पडायला दोन महिने लागणार होते, म्हणजे रस्त्यावरचं स्वस्त खाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका गाडीवर सेव-उसळ हाणली आणि दोन दिवस अंथरुणाला खिळले. तिसऱ्या दिवशी कचेरीत आले तर समोरच्या टेबलावरचे वरिष्ठ लिपिक, म्हणजे हेच सावेकाका, फायलीतून मान वर न करता म्हणाले, "कुठे खाल्लंस?" मी सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "त्याचं पाणी कुठून येतं, बघितलंस?" मी म्हटलं, काका, माणूस भूक लागल्यावर खातो, पाण्याची वंशावळ काढत बसत नाही. ते म्हणाले, "मग आजारी पडतो."

त्या संध्याकाळपासून त्यांनी मला डहाणू दाखवायला घेतलं. समुद्र नाही, चिकूच्या वाड्या नाहीत, खायच्या जागा. कचेरी सुटली की छत्री काखोटीला मारून काका पुढे आणि मी मागे. स्टेशनसमोरचा वडापाववाला चालेल, पण सकाळी अकराच्या आत, कारण त्यानंतर तो कालच्या तेलात आजचं तेल मिसळतो. बाजारातली खमणवाली बाई उत्तम, कारण तिची नखं कापलेली असतात. किनाऱ्यावरचा भेळवाला बरा, पण त्याच्याकडे कांदा नको म्हणायचं. कांदा तो घरून चिरून आणतो, आणि घर आपण पाहिलेलं नाही. इराण्याकडचा चहा डोळे मिटून प्यावा. दाबेलीवाल्याबद्दल त्यांचं मत अजून पक्कं झालं नव्हतं. त्याच्यावर तीन दिवस नजर ठेवायची राहिली होती.

नजर ठेवायची म्हणजे खरोखरच ठेवायची. काका समोरच्या झाडाखाली उभे राहायचे. गाडीवाला बादली कुठल्या नळावर भरतो, फडकं कशात पिळतो, नाक शिंकरल्यावर हात कुठे पुसतो, याची मनातल्या मनात नोंद चालायची. माशांबद्दल त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. "माशी बसते तिथे एक वेळ खा," ते मला बजावायचे, "माशी बसत नाही तिथे मुळीच खाऊ नकोस. माशीला काहीतरी कळलेलं असतं." एकदा एका पाणीपुरीवाल्याला वाटलं की हे वजनमापंवाले साहेब आहेत. त्याने गाडी गुंडाळली ती आठ दिवस लावली नाही. काका म्हणाले, बघ, मनात काहीतरी होतं म्हणूनच पळाला.

एवढा संशय, तर माणसाने घरचा डबा खावा की नाही? डहाणूजवळच्या आगर गावात त्यांचं घर होतं, काकू सुगरण होत्या, त्यांच्या हातची बोंबलाची चटणी मी स्वतः बोटं चाटून खाल्ली आहे. पण काकांना रस्त्यावरच्या खाण्याचा विलक्षण हव्यास. आपल्याला भजी खायची आहेत हे त्यांच्या चेहऱ्यावर दुपारी तीनपासून दिसायला लागायचं. मी एकदा चिडवलं की काका, तुमच्याइतका खादाड आणि तुमच्याइतका भित्रा माणूस एकाच अंगात कसा मावतो? ते हसले नाहीत. लहानपणी जत्रेत त्यांनी आणि धाकट्या भावाने एकाच पानातून काहीतरी खाल्लं होतं. दोन दिवसांत भाऊ गेला, हे राहिले. "पान मी घेतलं होतं," एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. मी नंतर कधी चिडवलं नाही. म्हणजे चिडवलं, पण त्या गोष्टीवरून नाही.

या संशयाला गावात भलतीच किंमत होती. कचेरीतले शिपाई, शाळांतले मास्तर, रेल्वेतली माणसं, जीपचे ड्रायव्हर, सगळे नवीन गाडी लागली की आधी चौकशी करायचे, सावे खातात का तिथे? खातात म्हटलं की झुंबड. नाही म्हटलं की गाडी महिनाभरात दुसरीकडे हलायची. काकांना याची कल्पना होती आणि मनातून त्यांना ते आवडायचंही. मला मात्र कधीकधी भीती वाटायची. आपल्या एका नकाराने एखाद्याची चूल विझते हे माणसाने फार सहज घेऊ नये, असं मी एकदा बोलूनही दाखवलं. त्यावर ते म्हणाले, माझा नकार कधी चुकला असेल तर दाखव. मला दाखवता आलं नाही. तेव्हा तरी नाही.

जिच्यावर काकांनी संशय घेतला नाही अशी एकच विक्रेती होती, ती म्हणजे तलासरीची देवलीबाई. थंडीचे दोन-अडीच महिने ती हमरस्त्याच्या कडेला, गवताचं छप्पर टाकून उंबाडियू विकायची. गुजरातच्या हद्दीपासून इकडे हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. आमच्या जळगावला सांगून पटत नाही. कोनफळ, रताळी आणि वालपापडी यांना हिरव्या लसणीचा, मिरचीचा मसाला लावायचा, मडक्यात रानातला वासाचा पाला घालून त्यात हे सगळं ठासायचं, मडकं तोंडावर पालथं ठेवायचं आणि भोवती गोवऱ्या, गवत पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. पाल्याच्या वाफेवर जे काही शिजतं त्याचा वास शंभर पावलांवरून गाडी थांबवायला लावतो.

पाणी नाही म्हटल्यावर काका निम्मे विरघळले होते. तलासरीच्या दौऱ्यावर गेलं की ते देवलीबाईकडे थांबायचे, पालथं मडकं उघडताना समोर उभे राहायचे आणि पत्रावळीतलं कोनफळ फुंकून फुंकून खायचे. "हिच्यात पाणीच नाही," ते मला म्हणायचे, "तर मग संशय घ्यायचा कशाचा?" फक्त तिची चटणी आणि ताक घ्यायचे नाहीत, कारण त्यात पाणी. तिला त्यांनी "आधी तू खा" असं कधी म्हटलं नाही. ती आपल्या छपरामागे एका ॲल्युमिनियमच्या डब्यातून काहीतरी वेगळंच खाताना मी पाहिलं होतं, काकांनीही पाहिलं होतं. पण त्यांनी ते सोडून दिलं.

देवलीबाईचं घर पलीकडच्या पाड्यावर. पूर्वी ती आणि नवरा दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे, पोरं बरोबर, शाळा बंद. उंबाडियूचा जम बसल्यापासून जाणं थांबलं होतं आणि थोरली पोरगी घरून जाऊन-येऊन आश्रमशाळेत दहावीपर्यंत पोचली होती. हे ती गिऱ्हाइकांना सांगत नसे. मला सांगितलं, कारण मी बाई माणूस आणि बडबडी. त्या अडीच महिन्यांवर तिचं वर्ष उभं होतं, आणि त्यात निम्मी गिऱ्हाइकं डहाणू-तलासरीच्या कचेऱ्यांतली, म्हणजे काकांच्या शब्दावर आलेली.

२०१५ च्या डिसेंबरात आमच्या साहेबांची बदली झाली. निरोप समारंभाला काय मागवायचं यावर खल झाला आणि काकांनी सांगितलं, देवलीबाईचं उंबाडियू. चटणी मात्र तिची नको. काका माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "चटणी तू कर. तुझ्या हातचं म्हणजे प्रश्नच नाही." मला इतका आनंद झाला की काय सांगू. या माणसाचा विश्वास म्हणजे सरकारी शिक्क्याच्या वरचा. सकाळी वेळ होणार नाही म्हणून मी आदल्या संध्याकाळीच घरमालकिणीच्या मिक्सरवर ओलं खोबरं, कोथिंबीर, मिरची वाटली, वर दही घातलं, स्टीलच्या मोठ्या डब्यात गच्च झाकण लावून ठेवली. फ्रिज नव्हता हे सांगितलंच आहे. दुसऱ्या दिवशी चार वाजता डबा उघडला तेव्हा आंबट वास आला. मी मनाशी म्हटलं, दह्याचा असेल.

समारंभ झोकात झाला. मी वाढत होते. माझी पाळी येईपर्यंत चटणी संपली होती, म्हणून मी नुसतंच कोनफळ आणि पापडी खाल्ली. दुसऱ्या दिवशी कचेरीत माणूस नाही. साहेबांची बदलीच्या गावाला जायची गाडी चुकली, टंकलेखक दवाखान्यात सलाईनवर, आणि सगळ्यात वाईट अवस्था काकांची. जन्मभर जपलेलं पोट एका दिवसात हातचं गेलं. मी त्यांना बघायला आगरला गेले तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. काकू म्हणाल्या, सकाळपासून एकच वाक्य चाललंय, मी मागवलं होतं, मी मागवलं होतं.

बरं वाटल्यावर त्यांनी चौकशी लावली. एकेकाला टेबलाशी बोलावून विचारलं, काय खाल्लं, किती खाल्लं, त्रास किती वाजता सुरू झाला. सगळ्यांना विचारलं. मला विचारलं नाही. मी समोरच्या टेबलावर बसून वाट बघत होते, कारण माझा हिशोब आदल्या दिवशीच लागला होता. मला काही झालं नव्हतं. आणि आमचा शिपाई, ज्याला अल्सरमुळे तिखट वर्ज्य होतं आणि ज्याने चटणीला हात लावला नव्हता, त्यालाही काही झालं नव्हतं. पण शिपायाचं पोट तसंही सगळ्यांच्या थट्टेचा विषय होता, त्याच्या म्हणण्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मी उठून चार पावलं चालून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. घाबरले, दुसरं काही कारण नाही.

काका तलासरीला गेले ते न सांगता. देवलीबाईच्या छपराशी गेले नाहीत, थेट तिच्या पाड्यावर गेले. घरामागच्या ओहोळात त्यांना एक टोपली दिसली, दगडाने दाबून ठेवलेली, आणि तिच्यात कंदाच्या पातळ चकत्या. काका याच मातीतले, त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. तो रानातला कडू कंद होता. तो राख घालून उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवला तरच खाता येतो. त्यात कसर राहिली तर घसा धरतो, उलट्या होतात, माणूस आडवा होतो. काकांनी दोनाला दोन जोडले. ही बाई कोनफळात कडू कंद मिसळते, म्हणून तर स्वतः कधी खात नाही. परत आले ते चेहरा दगडासारखा करून. "माझा नियम मी मोडला," ते मला म्हणाले. "खात नव्हती ती. डोळ्यांनी बघत होतो आणि सोडून दिलं."

आठ दिवसांत बातमी डहाणूपासून तलासरीपर्यंत पोचली. सावे खात नाहीत. काकांनी कुठे दवंडी पिटली नव्हती. कोणी विचारलं तर खरं वाटलं ते सांगितलं, एवढंच. आणि विचारत सगळेच होते. मी रोज ठरवायचे, आज सांगते. रोज काकांचा चेहरा बघायचे आणि फाईल उघडायचे. काकांनी माझ्या हातचा चहा घेणं थांबवलं नव्हतं, याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

संक्रांतीच्या सुमाराला मला कामासाठी तलासरीला जावं लागलं. जीप पुढे पाठवून मी देवलीबाईच्या छपराशी उतरले. मडकं थंड होतं. ती बाजूला बसून पाला निवडत होती, म्हणजे निवडण्याचं निमित्त करत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, तू काकासंगती येतेस ती ना? मी मान हलवली. मग ती सांगत सुटली. गिऱ्हाईक येत नाही. जीपवाले हसतात. कोणीतरी सांगितलं, हिच्यात कडू कंद हाय. नवरा म्हणतो, आता हप्ताभर बघू, नाहीतर भट्टीवर जाऊ. पोरीची परीक्षा मार्चात. तिला कोणाकडे ठेवू? हे सगळं ती रडून नाही, नुसतं सांगत होती. मी धीर करून विचारलं, मग ओहोळात तो कंद कशाला होता? आणि तू स्वतः हे कधी खात का नाहीस?

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फार मूर्खासारखं काही विचारलं होतं.

"ह्यो गोड कंद आमी खाल्ला तं इकू काय, बाय?" ती म्हणाली. "चांगला हाय तो तुमाला. आमाला कडू हाय ना."

मी तिथेच मातीत बसले. तिच्या डब्यात काय असायचं ते मला कळलं. रात्रभर ओहोळात धुतलेल्या चकत्या, मीठ लावून. काकांचा नियम इतकी वर्षं चुकला नव्हता, कारण भजीवाला भजी खाऊ शकत होता, वडेवाला वडा खाऊ शकत होता. विकणाऱ्याला स्वतःचा माल खाणं परवडतच नसेल, असं काकांच्या डोक्यात आलं नाही, आणि माझ्या तर नाहीच नाही. त्यात पुन्हा मी चोर. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटली नाही.

परत आल्यावर कचेरीत गेले नाही, सरळ आगरला गेले. काका ओट्यावर जाळं विणणाऱ्या शेजाऱ्याशी बोलत बसले होते. शेजारी उठून जाईपर्यंत मी थांबले आणि मग सगळं सांगून टाकलं. चटणी आदल्या दिवशीची होती, वास आला होता, मी खाल्ली नव्हती, मला माहीत होतं, मी गप्प बसले. आणि देवलीबाईने काय सांगितलं तेही. काका ऐकत होते. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, "तुला मी आधी खा म्हटलं नाही."

मी म्हटलं, नाही म्हटलंत.

"तिलाही नाही म्हटलं. म्हटलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, ती का खात नाही ते." मग उठले, आत जाऊन पिशवी घेऊन आले आणि उद्याच्या पहिल्या एसटीची वेळ काकूंना विचारायला लागले. जाताना मला एवढंच म्हणाले, "तुझं नाव मी घेणार नाही. घ्यायचं तर तू घे."

दुसऱ्या दिवशी मीही रजा टाकली आणि त्यांच्या मागोमाग गेले. न जाऊन चाललं नसतं. देवलीबाई काकांना बघून उठून उभी राहिली. काका तिच्यासमोर गेले आणि चप्पल काढून म्हणाले, बाय, मी तुझ्याबद्दल खोटं बोललो. मला खरं वाटलं होतं, पण ते खोटं होतं. तिने मडकं भरायला घेतलं. आम्ही दोघं बसून राहिलो, धूर खात. मडकं उघडल्यावर काकांनी दोन पत्रावळी मागितल्या. मला वाटलं, एक माझी. काकांनी एक स्वतःपुढे ओढली आणि दुसरी देवलीबाईपुढे ठेवली.

"खा," ते म्हणाले. "पैसे माझे."

ती नाय नाय म्हणत होती. काका हट्टाने थांबले. मग ती छपराच्या खांबाला पाठ टेकून बसली आणि सावकाश, एकेक फोड करून, पत्रावळ रिकामी होईस्तोवर खात राहिली. शेवटी बोटं पुसत म्हणाली, मीठ जास्त पडते काय माझा? कोणी बोललाच नाय. काका म्हणाले, किंचित. दोन वर्षं सांगायचं राहिलं. त्यावर ती पहिल्यांदा हसली. मग काकांनी तिचा डबा मागितला. तिने झाकण उघडायला का कू केलं, पण त्यांनी त्यातला कडू कंद खाल्ला, वर तिचं ताक प्यायलं. पाणी कुठलं, ते विचारलं नाही.

पाच दिवस काका रजेवर होते आणि पाचही दिवस ते हमरस्त्यावर देवलीबाईच्या छपराशी बसून खात होते. ओळखीची जीप दिसली की हात करून थांबवायचे आणि म्हणायचे, मी चुकलो, उतर, खा. आयुष्यभर ज्या माणसाने स्वतःची चूक कबूल केली नव्हती तो ती दिवसातून वीस वेळा कबूल करत होता, तोंडात घास असताना. तिसऱ्या दिवशी मी कचेरीत चहाच्या वेळी सगळ्यांसमोर चटणीचं सांगितलं. कोणी हसलं, कोणी शिव्या घातल्या. टंकलेखकाने पुढे कधी माझ्या डब्याला हात लावला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. गिऱ्हाइकं हळूहळू परतली. सगळी नाहीत, काही लोक आजही म्हणतात, काहीतरी असल्याशिवाय सावे बोलले नसते. संशय पसरवायला आठ दिवस लागले होते, तो पुरता पुसायला काकांचं उरलेलं आयुष्य पुरलं नाही. पण त्या वर्षी देवलीबाई भट्टीवर गेली नाही. पोरगी दहावी पास झाली.

त्यानंतर काकांच्या खाण्यात एक फरक पडला. झाडाखाली उभं राहणं, बादलीवर नजर, माशांचं शास्त्र, सगळं तसंच. पण आता ते गाडीवाल्याला एक भजं खायला लावत नसत. स्वतःबरोबर त्याचीही अख्खी प्लेट घ्यायचे, पैसे द्यायचे आणि म्हणायचे, आधी तू खा. गाडीवाला खाईपर्यंत बघत उभे राहायचे. लोक म्हणत, म्हातारा वयाबरोबर जास्तच संशयी झालाय, आता तर एका भज्यावरही विश्वास नाही, पूर्ण प्लेट खायला लावतो. काकांनी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. मीही केला नाही. त्यांच्याबरोबर फिरताना माझ्या लक्षात आलं, दुपार टळून गेलेली असायची आणि बऱ्याच जणांच्या पोटात जाणारी ती दिवसातली पहिलीच प्लेट असायची.

२०१७ मध्ये ते निवृत्त झाले. तरी आठवड्यातून एकदा छत्री घेऊन कचेरीच्या दाराशी यायचेच, आणि मी पर्स उचलायचे. २०१८ च्या हिवाळ्यात आमच्याकडे भूकंपाचे धक्के बसायला लागले, घराघरांतून माणसं बाहेर झोपायची. काका म्हणाले, घ्या, आता जमिनीवरही नजर ठेवायची. हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं शेवटचं. जानेवारीत एका सकाळी दाढी करता करता गेले. काकू म्हणाल्या, आदल्या संध्याकाळी नवीन लागलेल्या भजीच्या गाडीसमोर तासभर उभे होते, उद्या ठरवतो म्हणाले. ती गाडी कशी आहे ते मला अजून माहीत नाही. मला तिथे खायचा धीर होत नाही.

तेराव्यानंतर मी तलासरीला गेले. देवलीबाईला कळलेलं नव्हतं. मी सांगितलं. ती धुराकडे तोंड करून बसली. मग मडकं उघडलं, दोन पत्रावळी भरल्या, एक माझ्यापुढे ठेवली आणि दुसरी घेऊन माझ्यासमोर बसली. पैसे काढायला गेले तर तिने माझा हात धरला. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले. तिने कोनफळाची फोड मोडली, फुंकर घातली, तोंडात टाकली, चावली, गिळली.

"बघतेस काय, बाय," ती म्हणाली. "खा. मी खाते ना."